साडूची लबाडी पकडायला लावलेला मोबाइल

माझ्या साडूला मी तोंडावर अहो-जाहो करतो. बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, वयाने सात वर्षांनी मोठा, तेव्हा करावंच लागतं. पण इथे लिहिताना मी त्याला 'तो'च म्हणणार आहे. एवढी मोकळीक मला हवी. हा माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. आमच्या लग्नाच्या बैठकीत त्याने मला विचारलं होतं, "पगार सोडून दुसरं काय येतं तुम्हाला?" सगळे हसले. मीही हसलो, आणि ते माझं हसणं मला अजून डाचतं.

तो पिशोरचा. घरची शेती भावाकडे. हा तरुणपणी फर्दापूरला एका लॉजवर कामाला होता. लेणी पाहायला आलेले परदेशी लोक तिथे उतरायचे, त्यातले काही आठ-आठ दिवस मुक्काम ठोकून व्हरांड्यात बॅकगॅमन खेळत बसायचे. त्यांच्याकडून हा तो खेळ शिकला. पुढे बोअर मारणाऱ्या गाडीवर लागला. पंचवीस वर्षं मराठवाडाभर जमिनीला भोकं पाडत फिरला, त्यात उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पुढचं पेर गेलं. पाणी कुठे लागेल आणि कुठे नाही, हे त्याला त्या धंद्यात कळायला लागलं. शहरात प्लॉट घेताना त्याने पाणी पाहिलं. मी ब्रोशर पाहिलं.

ब्रोशरवर कारंजं होतं. जागा करमाडच्या रस्त्याला, शेंद्र्याच्या अलीकडे, कालपरवापर्यंत ज्वारी उभी असलेल्या रानात पाडलेले प्लॉट. मी तिकडच्याच एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात इंजिनिअर. दाब किती, तापमान किती, हे काट्यावर नेमकं दिसतंय की नाही ते पाहणं हे माझं काम. कारखाना जवळ पडेल म्हणून तिथे घर बांधलं. घराला पाईप होता, पाईपला नळ होता, नळाखाली बादली होती. दोन वर्षं पाऊस धड झाला नाही, कॉलनीची सामाईक बोअर आटली, आणि टँकर येईल तेव्हा येईल अशी गत झाली. शहराच्या नावाच्या पाट्या तेव्हा बदलत होत्या. रस्त्याच्या दोन्ही अंगांना इमारती मात्र चढतच होत्या. त्यांच्या स्लॅबवर दिवसभर पाणी मारताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

साडूची बोअर आटली नाही. सिडकोतल्या त्याच्या गल्लीत सगळ्यांच्या मोटारी कोरड्या फिरत होत्या, याच्या नळीतून करंगळीएवढी का होईना, धार पडत होती. त्यामुळे दर रविवारी आम्ही नवराबायको गाडीत वीस लिटरचे आठ कॅन टाकून त्याच्या दारात. करंगळीएवढ्या धारेला आठ कॅन भरायला दोन-अडीच तास लागायचे. बायको आणि तिची ताई आत गप्पा मारत आणि अधूनमधून नळी एका कॅनमधून दुसऱ्यात घालत. मला करायला काही नसायचं. साडू पहिल्याच रविवारी म्हणाला, "बसून काय करता? बोर्ड मांडू का?"

खेळ मला येत होता. कॉलेजात असताना कॉम्प्युटरवर शिकलो होतो, मोबाइलवरही खेळायचो. सांगायला तो सोपा आहे. दोघांच्या पंधरा-पंधरा सोंगट्या आणि दोन फासे. पडेल तितकी घरं चालायची, आणि जो आपल्या सगळ्या सोंगट्या पटाला वळसा घालून आधी बाहेर काढेल तो जिंकला. सोंगटी एकटी सापडली की समोरचा ती मारू शकतो. मेलेली सोंगटी पुन्हा पहिल्यापासून पटावर आणावी लागते, आणि ती आत आल्याशिवाय आपली दुसरी कुठलीही सोंगटी हलवता येत नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवला की पुढची सगळी भानगड समजते.

साडूचा बोर्ड म्हणजे फर्दापूरच्या सुताराने प्लायवर रंगवलेला एक चौकोन. खऱ्या बोर्डाला मधोमध पट्टी असते, मेलेली सोंगटी तिच्यावर ठेवतात. याच्या बोर्डाला पट्टीच नव्हती. म्हणून मेलेली सोंगटी उचलून ज्याची त्याच्या हातात द्यायची, अशी त्याची पद्धत. पंधरा सोंगट्या लाकडी होत्या. तेवढ्या झाल्यावर सुतार कंटाळला असावा, कारण उरलेल्या पंधरा म्हणजे सोड्याच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणं. लाकडी सोंगट्यांची बाजू भिंतीकडे, पंख्याखाली. झाकणांची बाजू दाराकडे, जिथे दुपारचं ऊन थेट पाठीवर यायचं. डाव जिंकेल त्याने पंख्याखाली बसायचं, हरेल त्याने दाराकडे. सोंगट्या जागच्या जागी, माणसांनी उठून जागा बदलायची. लॉजवर एकच पंखा होता म्हणून तिथे असा नियम पडला होता, आणि याने तो घरी आणला, घरात तीन पंखे असताना.

मी बहुतेक वेळ दाराकडेच असायचो. शर्ट पाठीला चिकटलेला, समोर तो बनियनवर, पंख्याची हवा खात. फासे फेकायच्या आधी तो त्यांच्यावर फुंकर मारायचा आणि हवा तो आकडा पाडायचा. मी पाच मिनिटं विचार करून चाल करायचो, हा दोन सेकंदांत करायचा, आणि जिंकायचा. जिंकला की उठायचा नाही, बोलायचा नाही, नुसता आत आवाज द्यायचा, "भरल्या का गं कॅन?" म्हणजे मी कशासाठी आलोय याची मला आठवण. निदान मला तसंच वाटायचं.

मोबाइलवर मी चांगला खेळायचो. कॉम्प्युटरच्या मधल्या पातळीशी दहातले सहा डाव जिंकायचो. मग या माणसाशीच मी का हरतो? एक तर त्याचं नशीब नको तितकं चांगलं होतं, नाहीतर तो लबाडी करत होता. मला दुसरं पटायला लागलं. त्याचा डावा हात कायम मिटलेला असायचा. मेलेली सोंगटी त्या मुठीत गेली की दिसायचीच नाही. ती मुठीत असतानाच तो पटावरची दुसरी सोंगटी सरकवून टाकत असेल, तर मला ऊन आणि घाम यांच्या भानगडीत कळणार कसं? हा विचार एकदा डोक्यात शिरला तो निघेना. आठवडाभर मी कारखान्यात काट्यांकडे बघत त्याची मूठ आठवत बसायचो.

अशात मला एका प्रोग्रामचा शोध लागला. मोबाइल वरून बोर्डावर रोखून ठेवायचा आणि खेळाचं चित्रीकरण करायचं. घरी येऊन तो व्हिडिओ कॉम्प्युटरवर या प्रोग्रामला द्यायचा. मग तो फासे वाचतो, सोंगट्या ओळखतो, आणि सगळा सामना ओळीने लिहून काढतो. कुणाला काय पडलं, कुठली सोंगटी कुठून कुठे गेली, सगळं. जिथे त्याला नीट दिसलं नाही ती ओळ पिवळी करतो. जिथे नियमात न बसणारी चाल झाली ती लाल. लाल ओळींची कल्पना मला फार आवडली.

दाराच्या पडद्याच्या दांडीला मी चिमटा लावून मोबाइल अडकवला. साडूने मान वर करून पाहिलं. "हे काय, शूटिंग?"

"आपल्या खेळाचा जरा अभ्यास करायचाय," मी म्हणालो.

"करा की. इंजिनिअर लोकं तुम्ही." त्याने फाशांवर फुंकर मारली.

त्या प्रोग्रामने सुरुवातीला माझा अंत पाहिला. तो बनवणाऱ्यांनी चामड्याचे बोर्ड आणि गुळगुळीत सोंगट्या पाहिल्या असणार. आमची झाकणं उन्हात चमकायची आणि त्याला ती फासा वाटायची. पंख्याची सावली फिरायची तेव्हा त्याला सगळ्या सोंगट्या एकदम हलल्यासारख्या दिसायच्या. एकदा मेव्हणीने सरबताचा पेला बोर्डाच्या कोपऱ्यावर ठेवला, तर पठ्ठ्याने ती सोळावी सोंगटी धरली. आणि मेलेली सोंगटी हातात दिली की त्याचं डोकंच फिरायचं. पंधरा पाहिजेत, चौदाच दिसतात, पुढच्या सगळ्या ओळी पिवळ्या.

मी नवाकोरा बोर्ड विकत आणून दिला, मध्ये पट्टी असलेला. साडूने तो हातात घेऊन उलटापालटा केला, "चांगलाय" म्हणाला आणि कपाटावर ठेवून दिला. पुढच्या रविवारी पुन्हा प्लाय. तेव्हा माझी खात्रीच झाली. मूठ लागतेच याला.

मग मी दुसरा मार्ग काढला. सोंगटी मेली त्या जागी प्रोग्रामला आपण हाताने सांगू शकतो की सोंगटी हातात आहे. महिनाभर मी रोज कारखान्यातून आल्यावर तेच करत बसलो. व्हिडिओ पूर्ण पाहायला वेळ कोणाला होता? सोंगटी गायब झाली त्या क्षणाचं चित्र पडद्यावर यायचं, मी त्यावर खूण करायचो, की पुढचं. चित्रात नुसता बोर्ड. खेळणारा कोण, हे मी अगदी पहिल्या दिवशी भरून टाकलं होतं. लाकडी म्हणजे साडू, झाकणं म्हणजे मी. बायको म्हणायची, "घरात भांडी तशीच पडलीत, टँकरवाल्याला फोन करा जरा." मी म्हणायचो, "करतो." करायचो नाही.

नऊ रविवारांचं काम संपलं त्या दिवशी मी प्रोग्रामला म्हटलं, दाखव आता लाल ओळी. अकरा निघाल्या. अकराच्या अकरा लाकडी बाजूच्या. प्रत्येक वेळी तोच प्रकार. लाकडी सोंगटी मेलेली आहे, हातात आहे, आत आलेली नाही, आणि तरी पटावरची दुसरी लाकडी सोंगटी पुढे गेली आहे. मी खुर्चीतून उठून घरात दोन चकरा मारल्या. खोटं कशाला बोलू, पगारवाढीच्या वेळीही मला इतका आनंद झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी ती यादी कारखान्याच्या प्रिंटरवर छापली, लाल ओळींसकट, रंगीत.

रविवारी कॅन उतरवले, नळी लावली. साडू बोर्ड मांडायला लागला तेव्हा मी म्हटलं, "आज खेळायचं नाही. आज वाचायचं." बायको आणि मेव्हणी दोघींना मी बाहेर बोलावलं. मग उभ्याने ती यादी वाचली. कितवा रविवार, कितवा डाव, कितवी चाल. माझा आवाज चढत गेला हे मला कळत होतं आणि त्याची मला मजाही वाटत होती. शेवटी म्हणालो, "अकरा वेळा. सोंगटी मुठीत दाबून अकरा वेळा फसवलंत तुम्ही मला. हे मी म्हणत नाही, मशीन म्हणतंय."

मेव्हणी रडायलाच लागली. "पाव्हणं, असं काय बोलता?" बायको माझ्याकडे अशी बघत होती की मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

साडूने कागद हातात घेतला. चष्मा लावला. बराच वेळ वाचत राहिला, एका ओळीवर ते अर्धं बोट ठेवून ठेवून. मला वाटलं आता आरडाओरडा करेल, मला तेच हवं होतं. त्याने कागदाची घडी केली आणि मला परत दिली.

"बरं," तो म्हणाला. "असंल." आणि उठून कॅन बघायला गेला. "दुसरी भरतीय. सहा राहिल्या. थांबा तेवढं."

मी थांबलो नाही. दोन कॅन गाडीत टाकले, बायकोला गाडीत बसवलं आणि निघालो. जालना रोडवरच्या सिग्नलला मी तिला म्हणालो, "पाहिलंस? एक शब्द बोलला नाही. चोर सापडला की असाच गप्प होतो." ती काचेबाहेर बघत होती.

त्यानंतर मी सिडकोत जायचं बंद केलं. तिला सांगितलं, पाणी विकत घेऊ, त्याच्या दारात नको. टँकरच्या पाण्याला डिझेलचा वास यायचा, ते प्यायला चालेना. जारचं पाणी दोन दिवस आलं, तिसऱ्या दिवशी जारवाल्याचाच फोन बंद. अंघोळ दिवसाआड सुरू झाली. मी इतका बिनसाबणाचा आणि इतका तोऱ्यात आयुष्यात कधी फिरलो नव्हतो. मेव्हणीचा फोन यायचा, "पाणी न्यायला या की गं," आणि बायको माझ्यासमोर मुद्दाम स्पीकर लावायची. दुसऱ्या आठवड्यात मी कारखान्यात असताना ती रिक्षा करून गेली आणि चार कॅन घेऊन आली. मी विचारलं, "तो काय म्हणाला?"

"दाजींनी कॅन रिक्षात ठेवून दिले. तुमचं कसं चाललंय विचारलं."

"कळलं का त्याला, त्याचं पितळ उघडं पडल्याचं?"

तेव्हा ती भडकली. एरवी ती भडकत नाही. म्हणाली, "माझ्या बहिणीच्या नवऱ्याला तुम्ही चोर म्हणालात. चोरी मला दाखवा. कागद नको, शूटिंग दाखवा. मग मी पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही, ताई गेली उडत."

मी आनंदाने कॉम्प्युटर लावला. पहिली लाल ओळ, दुसऱ्या रविवारचा चौथा डाव. व्हिडिओ त्या जागी नेला. वरून काढलेलं चित्र, त्यात बोर्ड आणि दोन्ही बाजूंनी येणारे हात. झाकणांच्या बाजूचा हात फासे टाकतो, लाकडी सोंगटी मारतो, उचलून समोर देतो. समोरचा डावा हात ती घेतो आणि मिटतो. उजवा हात फासे टाकतो. पाच आणि दोन. आणि उजवा हात पटावरची दुसरीच लाकडी सोंगटी उचलून सात घरं पुढे ठेवतो. मूठ मिटलेलीच.

"बघ," मी म्हणालो. "बघ आता."

ती पडद्याजवळ गेली. "परत दाखवा." मी परत दाखवलं. ती म्हणाली, "ह्या हाताची पाचही बोटं पूर्ण आहेत."

मला काही कळेना. तिने बोट पडद्यावर टेकवलं. "दाजींचं मधलं बोट अर्धं आहे. हे अख्खं आहे. आणि ह्या मिटलेल्या हाताच्या मनगटावर काय आहे? हे तुमचं कंपनीतून मिळालेलं घड्याळ आहे."

मी ताडकन म्हणालो की लाकडी सोंगट्या साडूच्या असतात. ती म्हणाली, "नेहमी?" आणि मला आठवलं. तिसरा डाव मी जिंकलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा जिंकलो होतो, उठून पंख्याखाली जाऊन बसलो होतो, शर्टाची बटणं उघडली होती. चौथ्या डावात लाकडी सोंगट्या माझ्या होत्या. त्या प्रोग्रामला माणसं दिसत नव्हती, नुसत्या सोंगट्या. मी पहिल्या दिवशी भरलेलं नाव तो इमानदारीत सगळीकडे लावत गेला होता.

आम्ही पुढच्या ओळी लावल्या. अकराही वेळा घड्याळ होतं. दर वेळी नुकताच एखादा डाव जिंकून मी पंख्याखाली आलेलो.  पाचव्या-सहाव्या ओळीनंतर बायको उठून स्वयंपाकघरात गेली, आणि पुढच्या मी एकट्याने पाहिल्या.

ते मी मुद्दाम केलं का? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. व्हिडिओ थांबवून, हळू करून मी माझीच मूठ पाहिली. विसरलो असेन एकदा, दोनदा. मुठीत काही आहे हे अकरा वेळा माणूस विसरतो का? एका ठिकाणी तर माझा अंगठा मुठीवर आणखी घट्ट दाबला जाताना दिसतो. तेव्हा माझ्या मनात काय होतं मला खरोखर आठवत नाही, आणि या न आठवण्यावर माझा स्वतःचाच विश्वास नाही. त्या क्षणी मात्र मला राग आला तो साडूचा. दोन सेकंदांत चाल करणारा माणूस. त्याला समोरचा हात दिसला नसेल?

बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी सिडकोत गेलो. कॅन मुद्दाम नेले नाहीत. मला पाण्यासाठी आल्यासारखं दिसायचं नव्हतं. साडू अंगणात मोटारीचा स्टार्टर उघडून बसला होता, शेजारी कागदावर स्क्रू मांडलेले. त्याने मला पाहून स्टूल पुढे सरकवलं. मी बसलो नाही.

"त्या अकरा चाली माझ्या होत्या," मी म्हणालो. वाक्य घरून पाठ करून आलो होतो. "तुमची एकही नव्हती. जागा बदलल्या होत्या हे माझ्या लक्षात आलं नाही."

"व्हय," तो म्हणाला. "ठावं हाय."

"कागद पाहून कळलं तुम्हाला?"

"कागद कशाला? तवाच दिसत व्हतं की. समोरच बसलो व्हतो." त्याने एक स्क्रू उचलून फुंकला. "पहिल्यांदा वाटलं इसरले आसतेल. मग दिसाय लागलं, लई वेळा व्हतंय."

"मग बोलला का नाहीत? त्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुम्हाला चोर म्हणालो, तेव्हा तरी बोलायचं! तिथल्या तिथे माझं तोंड बंद करता आलं असतं तुम्हाला!"

त्याने स्क्रू कागदावर ठेवला. मला वाटलं, आता तो लग्नाच्या बैठकीतल्यासारखं काहीतरी बोलेल, आणि मग आमची बरोबरी होईल. मी खरंच त्याची वाट पाहत होतो. शिवी दिली असती तरी मी ती घेतली असती.

तो अवघडून म्हणाला, वर न बघता म्हणाला, "पाण्याला येत व्हता ना तुम्ही. दारात पाण्याला आलेल्या माणसाला, तुम्ही खोटं खेळता म्हणून कसं म्हणावं? मला नाय जमलं ते."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी निभावून नेलं असतं. इतकी वर्षं मी त्याला माझा प्रतिस्पर्धी समजत होतो. त्याच्यावर जळत होतो, त्याच्यासाठी मोबाइल टांगला, महिनाभर डोळे फोडले. आणि तो मात्र दर रविवारी समोर बसून पाण्याला आलेल्या माणसाचं मन सांभाळत होता. मी फसवत होतो आणि तो मला फसवू देत होता, पाहुण्याला आणखी एक भाकरी वाढावी तसा. मग मी जिंकलेल्या डावांचं काय? ते विचारायचं नव्हतं, तरी मी विचारलं.

"त्यातले काही तुमचेच व्हते," तो म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, हे तर उघडच होतं.

इतका राग मला त्याचा कधीच आला नव्हता. माफी मागायला आलो होतो ती मागितलीच नाही. आजवर मागितलेली नाही. मी पाठ फिरवली आणि फाटकाकडे निघालो, तेवढ्यात मेव्हणी बाहेर आली. चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं, जणू मी रोजच येतो. "पाव्हणं, आज कॅन नाय आणल्या?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच्या घरातले दोन भरलेले कॅन ओढत आणून माझ्या पायाशी ठेवले. साडू खाली मान घालून स्क्रू बसवत होता.

 मग मी वाकून दोन्ही कॅन उचलले, कारण आमच्या घरी सकाळपासून प्यायला पाणी नव्हतं.